आग्रह नको गं, बाय

अगं, काल रात्री साडेअकराला तुझं नाव फोनवर दिसलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. तू हुंदका आवरत म्हणालीस, "ताई, सुपारी आजपण जेवली नाही. घरी आल्यापासून एकोणीस दिवस झाले." तेव्हा घाईघाईत धीर दिला खरा, पण सगळं काही सांगून झालं नाही. म्हणून आज दुपारची भांडी आवरून निवांत बसलेय. तूही चहा घेऊन बस.

आधी मनातली धास्ती काढून टाक. बॉल पायथन एकोणीस दिवस जेवला नाही म्हणजे तो हातचा गेला असं नसतं गं. आपण दोन वेळा जेवतो, मांजर दिवसभर ओट्याखाली घुटमळतं, म्हणून आपला जीव वरखाली होतो. साप अंग गरम ठेवायला अन्न जाळत नाही, तो बाहेरची ऊब घेतो. त्याचा खर्चच कमी. मोठा, धडधाकट बॉल पायथन काही महिने न खाता राहतो. पिल्लाच्या अंगात तेवढी शिल्लक नसते, पण वजन टिकून असेल तर दोन-तीन आठवडे निभतात.

आता खरं सांगू का? तुझं प्रेम थोडं जास्त होतंय. आपल्याकडे माया म्हणजे आग्रह. पाहुणा हात आडवा धरतो तरी आणखी एक मोदक पानात पडतो आणि वर तुपाची धार. तू सुपारीशी तेच करते आहेस बघ. सकाळी टब उघडून बघतेस, दुपारी उचलून कुरवाळतेस, रात्री उंदीर तिच्या तोंडासमोर हलवत बसतेस. आणि ती काय करते? डोकं आत घालून घट्ट मुटकुळं. याला बॉल पायथन म्हणतात ते याच सवयीमुळे. ज्या रूपावर आपण भाळलो, ते त्याचं घाबरलेलं रूप आहे. हे मला समजलं त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं.

माझा जायफळ आला तेव्हा मी हौसेनं मोठी काचेची पेटी आणली आणि हॉलमध्ये टीव्हीशेजारी मांडली. येणारा-जाणारा वाकून बघायचा, पोरं काचेवर टिचक्या मारायची. चौतीस दिवस त्यानं तोंड उघडलं नाही. शेवटी मी त्याला मागच्या खोलीत, झाकणाच्या छोट्या प्लास्टिकच्या टबात ठेवलं, तीन बाजूंना वर्तमानपत्र चिकटवलं आणि सात दिवस फक्त पाणी बदललं. आठव्या रात्री तो जेवला. तो आजारी नव्हता गं, त्याला लपायला जागा नव्हती.

बघ, हे साप मूळचे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले. घाना, टोगो, बेनिन इथून जगभर गेले. तिथे दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून राहायचं आणि अंधार पडला की बाहेर यायचं, असा यांचा दिवस. म्हणून सुपारीला अशी जागा हवी की अंगाला चारी बाजूंनी भिंत टेकेल. तुझ्याकडे नारळ काय कमी आहेत? मोठ्या नारळाची अर्धी करवंटी घे, शेंडी खरवडून काढ, कडेला दोन बोटं रुंद दार कापून काठ पॉलिशपेपरनं गुळगुळीत कर. अशा दोन करवंट्या. एक उबेच्या बाजूला, एक गार बाजूला. एकच ठेवलीस तर तिला ऊब आणि आडोसा यातलं एक निवडावं लागतं. मोठी झाली की कुंडी, नाहीतर गाडगं.

उबेचं बघ. टबाच्या एका बाजूची जमीन ३१ ते ३२ अंश, दुसरी २६-२७. हात लावून अंदाज घेऊ नकोस, दोन्हीकडे थर्मामीटर ठेव. हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय लावायचीच नाही, पोट भाजतं. आत्ता आषाढातली आपली हवा गार आणि त्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. ज्या रात्री लाइट जातेय-येतेय त्या रात्री जेवायला देऊच नकोस. ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही, बाहेर पडतं. लाइट फार वेळ गेली तर टबाभोवती शाल गुंडाळ, हवेची भोकं मोकळी ठेव, आणि गरम पाण्याची बाटली फडक्यात बांधून टबाला बाहेरून टेकव.

दमटपणा साठ टक्क्यांच्या आसपास पुरतो, कात टाकताना थोडा जास्त. बाहेरगावची माणसं पाणी फवारत बसतात, रत्नागिरीत पावसाळ्यात आपली कटकट उलटी. काथ्याचा भुसा घातलायस ते उत्तम, पण तो ओला राहिला की बुरशी धरते आणि पोटाचे खवले कुजायला लागतात. मुठीत दाबलास तर पाणी सुटता कामा नये.

वजनाचा धडा मी उशिरा शिकले. रोज काट्यावर ठेवायचे आणि एका ग्रॅमनं रडायचे. आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, वहीत तारखेसकट लिही. काटा तिचा वेगळा हवा, स्वयंपाकघरातला नको. सापाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, म्हणून टबाला हात लावला की साबणानं हात धू. तिचं वजन आहे ७० ग्रॅम. तिला ७ ते १० ग्रॅमचा उंदीर पुष्कळ झाला, तिच्या अंगाच्या सगळ्यांत जाड भागाएवढा. तू आणलेला मला फोटोत चांगला दुप्पट वाटला.

ज्याच्याकडून घेतलीस त्याला आजच विचार की ती तिथे काय खात होती. माऊस की रॅट, जिवंत की मेलेलं? बॉल पायथन या बाबतीत हट्टी असतात, ओळखीचा वास नसेल तर बघतसुद्धा नाहीत. जिवंत उंदीर मात्र टबात सोडून झोपायला जाऊ नकोस, भुकेला उंदीर सापाला कुरतडतो. आणि पिंजऱ्यात सापडलेला घरचा उंदीर तर अजिबात नको. त्याच्या पोटात विष असू शकतं, अंगावर किडे असतात, आणि लेप्टोची भीती आपल्या कोकणात कोणाला समजावून सांगायला नको.

आता शनिवारची रात्र. तोवर टब उघडायचा तो फक्त पाण्यासाठी. तिचे डोळे निळसर-दुधाळ दिसत असतील तर शनिवारही रद्द, कात टाकून होऊ दे. नाहीतर शुक्रवारी रात्री फ्रीजरमधला उंदीर खालच्या कप्प्यात काढून ठेव. शनिवारी नऊनंतर, खोलीत अंधार करून, तो पिशवीत बंद करून हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास बुडव. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो आणि फुटतो. मग कोरडा पुसून डोकं पुन्हा जरा ऊन कर. सुपारीच्या वरच्या ओठावर बारीक खाचा आहेत ना, त्यांनी तिला ऊब जाणवते. गार उंदीर तिच्या लेखी उंदीरच नसतो.

लांब चिमट्यात मानेमागे धर, करवंटीच्या दारापासून वीतभर अंतरावर, समोरून, जमिनीलगत. वरून आलेली वस्तू तिला घारीसारखी वाटते. किंचित हलव, थांब. जायफळनं पहिल्यांदा घेतलं ते माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे. आधी नुसती जीभ, आत-बाहेर, आत-बाहेर. मग जीभ थांबली. मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे गेली. मी श्वास धरून होते. फट्‌ असा आवाज आला आणि पुढच्या क्षणाला उंदराभोवती तीन वेढे. पुढची वीस मिनिटं तो हललाच नाही, मग जबडा ढिला करून डोक्याकडून गिळायला लागला. गिळून झाल्यावर त्यानं दोनदा मोठ्ठी जांभई दिली, जबडा जागेवर बसवायला.

पाच मिनिटांत काही झालं नाही तर उंदीर दारापाशी एका झाकणावर ठेव आणि खोलीतून बाहेर जा. फटीतून बघायचं नाही! पुष्कळ लाजरी पिल्लं पहाटे कोणी नसताना खातात. फक्त मुंग्यांना जप. आपली आजी दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायची ना, तसंच कर. टब चार पायांच्या स्टुलावर आणि प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत. मेल्या उंदराला लागलेल्या मुंग्या सापालाही चावतात. सकाळी उंदीर तसाच असेल तर टाकून दे, परत फ्रीजरमध्ये नको, आणि पुढचा शनिवार येईपर्यंत विषय बंद. खाल्लं तर दोन दिवस हात लावायचा नाही. उलटी झाली तर दहा-बारा दिवस पोटाला विश्रांती.

डॉक्टरकडे कधी जायचं ते वहीच्या पहिल्या पानावर लिही. वजन दहा टक्के उतरलं, म्हणजे सत्तरचं त्रेसष्टवर आलं. तोंड उघडं ठेवून श्वास घेतेय, नाकातोंडाशी बुडबुडे आहेत, घरघर ऐकू येते. पुन्हा पुन्हा उलटी होते. यातलं काहीही झालं तर शनिवारची वाट बघायची नाही. सापांवर उपचार करणारे पशुवैद्य जिथेतिथे नसतात, म्हणून कोल्हापूर, पुणे, मुंबई इथल्या दोन-तीन ठिकाणी आजच फोन करून विचारून ठेव. आणि कोणी काहीही सांगो, जबरदस्तीनं तोंडात घास कोंबायचा नाही. ते डॉक्टरांचं काम. नाजूक जबड्याला इजा झाली की साप आणखी घाबरतो.

कागदपत्रं केलीस का? बॉल पायथन वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ साली आपल्या वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, आणि २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी हाती आल्यापासून ३० दिवसांत परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. तुझे दहा दिवस उरलेत, उद्याच बस. आपला इथला अजगर मात्र पहिल्या अनुसूचीत आहे, तो पाळताच येत नाही. बागेत कधी दिसला तर १९२६ वर वनखात्याला कळव. आणि उद्या सुपारी जड झाली तरी तिला रानात सोडायचं कधीही मनात आणू नकोस. तिचं रान हे नव्हे.

शेजारच्या काकू रागावल्या म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. फुरशाच्या मुलखात वाढलेल्या बाईनं जनावराला घाबरावं यात चूक काय? सुपारीला विष नाही हे शांतपणे सांग आणि टबाला कुलूप लाव, म्हणजे त्यांनाही झोप लागेल. नागपंचमीला घरातल्या आजी दूध ठेवायला सांगतील. साप दुधासाठी बनलेलाच नाही, पण आजींना तोडून बोलू नकोस. दुधाची वाटी देवापुढे ठेव, सुपारीपुढे पाण्याची.

तर बाय, शनिवारी रात्री मला फोन करायचा नाही, रविवारी सकाळी करायचा. खाल्लं की नाही ते नंतर, आधी वहीतलं शेवटचं वजन सांग. तुझ्याकडून होईल हे. एकोणीस दिवसांची नोंद तारीखवार ठेवणारी मुलगी आहेस तू.

आणि काल रात्री तूही जेवली नव्हतीस, ते तुझ्या आवाजावरून कळलं मला. सुपारीला नसेल चालत, पण तुला मी आग्रह करणारच. संध्याकाळी ये. कुळथाची पिठी आणि गरम भात टाकतेय.