कर्म, फळ आणि मजुरी : आजच्या कष्टकऱ्यासाठी गीतार्थाचा विचार

श्रीमद्भगवद्गीतेतील जो भाग सर्वसामान्य माणसाच्या तोंडी सर्वाधिक आढळतो, तो म्हणजे दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसावा श्लोक होय. मनुष्याचा अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही, हा त्याचा आशय बहुतेकांना ठाऊक असतो. परंतु जो श्लोक जितका प्रसिद्ध, तितकी त्याच्या अर्थाची ओढाताणही अधिक. मजुरी वाढवून मागणाऱ्या कामगारास मालक हाच श्लोक ऐकवितो, कामाने पिचून गेलेल्या माणसास घरची मंडळी ऐकवितात, आणि ज्याचे कामात मन नाही तो आपल्या आळसावर याच श्लोकाचे पांघरूण घालतो. तिघेही श्रीमुखीच्या वचनाचा आधार घेतात आणि तिघेही त्याच्या अर्थापासून दूर राहतात. म्हणून आजच्या कामाच्या जीवनात मनाचे स्वास्थ्य आणि कामाचा उत्साह कसा टिकवावा, या प्रश्नाच्या अनुरोधाने या वचनाचा विचार करणे आवश्यक आहे.

बदललेले कामाचे जीवन

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झालेला जालना जिल्हा या विचारासाठी सोयीचा आहे. भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव हे स्थान पंथीयांना वंदनीय असून तेथे दंडवत घालण्यास येणाऱ्या वासनिकांत शेतकरी, मजूर, नोकरदार असे सर्व प्रकारचे कष्टकरी असतात. याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात भंगार लोखंड वितळवून त्याच्या सळया करणारे कारखाने आहेत. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे बियाण्यांची कंपनी स्थापन केली आणि पुढे जालना हे बियाण्यांचे गाव म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मोसंबीच्या बागा ही जिल्ह्याची आणखी एक ओळख. 'जालना, सोने का पालना' ही म्हण जुनी असली, तरी या पाळण्याला झोका देणारे हात आज वेगळ्या तऱ्हेने थकतात.

पूर्वी सूर्य मावळला की शेतातील काम थांबत असे. भट्टीला मात्र सूर्य ठाऊक नाही. लोखंड वितळण्यास सुमारे पंधराशे अंशांहून अधिक उष्णता लागते. त्या धगीपुढे पाळीपाळीने माणसे उभी राहतात. त्यांतील कित्येक उत्तर भारतातून घरदार सोडून आलेली असतात. कार्यालयात बसणाऱ्याच्या अंगाला धग लागत नाही, पण खिशातील दूरध्वनी त्याला घरीही मोकळे सोडत नाही. मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या या अवस्थेचे तीन विशेष सांगितले : शक्ती संपून गेल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. संघटनेने या अवस्थेस रोग म्हटलेले नाही. ती कामाच्या परिस्थितीतून उद्भवते असे सांगितले आहे, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गीतेच्या वाचकास हे चित्र अपरिचित नाही. पहिल्या अध्यायात अर्जुनाचे गात्र शिथिल होते, मुख कोरडे पडते आणि हातातील धनुष्य गळू लागते. त्याच्या विषादाचे कारण निराळे होते हे खरे. तथापि ज्या कामात तो सर्वांत निपुण, तेच काम करावयास त्याचे हात उठेनात, ही स्थिती आजचा कष्टकरीही जाणतो. श्रीकृष्ण परमात्म्याने त्याची ही अवस्था आधी पूर्णपणे ऐकून घेतली आणि मग उपदेश केला, हा क्रमही ध्यानी घ्यावा.

दृष्टांत

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची निरूपणशैली दृष्टांताची. केशिराजबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठात सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी मांडणी आहे. त्याच रीतीने जालना जिल्ह्यातीलच एक व्यवहार दृष्टांत म्हणून घेता येईल.

जालना, जाफराबाद आणि शेजारच्या देऊळगावराजा परिसरात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे संकरित बियाणे तयार करतात. टोमॅटो वा मिरचीच्या प्लॉटमध्ये नराची आणि मादीची झाडे वेगळी लावलेली असतात. उद्या उमलणारी मादीची कळी मजूर स्त्री आज ओळखते. चिमट्याने ती कळी हलकेच उघडून आतील पुंकेसर काढून टाकते. दुसऱ्या दिवशी नराच्या फुलाचे पराग त्या फुलास लावते आणि खूण करून ठेवते. असे काही आठवडे, रोज, एकेका फुलाशी चालते. एक कळी नजरेतून सुटली आणि आपल्याच परागाने फळली, तर त्या बियाण्यात भेसळ होते. फळ पिकल्यावर बी काढतात, मग त्याची उगवणशक्ती आणि शुद्धता तपासली जाते. ते बी पुढे कोणत्या शेतात पडले, उगवले की नाही, हे त्या स्त्रीस कधीच कळत नाही.

दार्ष्टांतिक

अठराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि दैव. भाष्यकार अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ करतात. दृष्टांतापुरते ते शेत मानावे. शेडनेटमधील माती व हवा हे अधिष्ठान, ती मजूर स्त्री कर्ता, चिमटा आणि डोळा ही करणे, कळी ओळखणे, पुंकेसर काढणे, पराग लावणे या चेष्टा, आणि अवकाळी पाऊस, रोग, बाजार हे सारे दैवाच्या बाजूस. या पाचांपैकी तिच्या स्वाधीन किती? तिचे लक्ष आणि तिच्या बोटांची हालचाल, एवढेच. पुढील सोळाव्या श्लोकात, जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्यास यथार्थ दिसत नाही, असा अभिप्राय आहे.

फळावर अधिकार नाही, याचा अर्थ येथे उकलतो. तो अर्थ फळ नको असा नाही, फळाविषयी बेपर्वाई तर नाहीच. बेपर्वाईने तर प्लॉटच वाया जाईल. फळ अनेक कारणांच्या मेळाने होते, म्हणून त्याचे सर्व ओझे एकट्या कर्त्याने आपल्या शिरावर घेऊ नये, हा तो अर्थ. श्लोकाच्या अखेरच्या चरणात अकर्माविषयीही आसक्ती नसावी, असे बजाविले आहे. ओझे उतरवावे आणि हात चालू ठेवावा, अशा दोन्ही गोष्टी तेथे एकत्र आहेत.

या विवेकाचा अभाव किती महागात पडतो हे मराठवाड्याने पाहिले आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा पाण्यावाचून वाळल्या. वर्षानुवर्षे लेकरांसारखी जपलेली झाडे शेतकऱ्यांना तोडावी लागली. दुष्काळ आणि कर्ज यांच्या कोंडीत मराठवाड्यातील अनेक घरांनी आपला कर्ता पुरुष गमावला. वाळलेली बाग हा आपल्या कर्तृत्वाचाच अंत, असे ज्यास वाटले, त्यास पाच कारणांचा विचार सांगणारा कोणी वेळीच भेटणे अगत्याचे होते. अर्थात कर्ज आणि पाणी हे प्रश्न केवळ विवेकाने सुटत नाहीत. पण बाग गेली म्हणजे माणूस निकामी झाला असे नव्हे, एवढे तरी त्याच्या मनात राहिले पाहिजे.

मजुरी हे फळ नव्हे

आता मालकाच्या तोंडच्या श्लोकाचा विचार. कर्मफळाविषयी जो उपदेश आहे तो कर्त्याने स्वतःच्या मनाशी धरावयाचा आहे, दुसऱ्याच्या ताटावर लावावयाचा नाही. शिवाय मजुरी ही त्या अर्थाने फळच नव्हे. फळ पाच कारणांवर अवलंबून असते, मजुरी ही दोन माणसांतील वचनावर अवलंबून असते. दिवसभर चिमटा चालविणाऱ्या स्त्रीचे दाम हे तिचे ऋण असून ते घेणाऱ्याच्या माथी असते. बियाण्याचा लॉट तपासणीत नापास झाला तरी तिच्या त्या दिवसाचे दाम बुडत नाहीत. ऋण बुडवून निष्कामतेचा उपदेश करणे हा अधर्म होय. तिसऱ्या अध्यायाच्या एकविसाव्या श्लोकात, श्रेष्ठ माणूस जसे वागतो तसे इतर वागतात असे सांगितले आहे. म्हणजे निष्कामतेची पहिली परीक्षा मालकाची आहे.

युक्त कर्म

सहाव्या अध्यायाच्या सोळाव्या-सतराव्या श्लोकांत श्रीकृष्ण परमात्म्याने आहार, विहार, कर्मातील चेष्टा, निद्रा आणि जागृती या सर्वांस एकच विशेषण लावले आहे : युक्त. अति खाणाऱ्यास योग साधत नाही, उपाशी राहणाऱ्यासही नाही. अति झोपणाऱ्यास साधत नाही, जागत राहणाऱ्यासही नाही. दुःख दूर करणारा योग प्रमाणाने साधतो. येथे कर्माचेही प्रमाण सांगितले आहे, हे अनेकदा दुर्लक्षित राहते.

कामाचे प्रमाण माणसाला सुखासुखी मिळालेले नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे, १८९० मध्ये. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पहिल्याच ठरावाने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमानेही आठवड्याची मर्यादा ४८ तासच ठेवली होती. या मर्यादेमागील शहाणपण आता आकड्यांनीही दिसते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. रात्रपाळीवर रात्रपाळी घेणारा तरुण ओव्हरटाइमचे पैसे घरी पाठवितो ते प्रेमानेच. परंतु ज्या देहाच्या आधारे घर चालते, तो देहच तो गहाण टाकीत असतो.

संन्याशांच्या आचारात अटन, भिक्षा आणि नामस्मरण यांच्याबरोबर विजनही सांगितले आहे. वासनिकास अटन शक्य नाही, पण विजनाचा अंश त्यालाही घेता येतो. पाळी संपल्यावर घरी जाण्यापूर्वी किंवा पहाटे उठल्यावर अर्धी घटका कोणाशीही न बोलता, दूरध्वनी दूर ठेवून स्मरण करावे. शरीराला झोप लागते, तसा मनाला हा एकांत लागतो.

उत्साहाचे मूळ

फळाची ओढ सैल केल्यावर काम करण्याची प्रेरणा कोठून यावी, असा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर तिसऱ्या अध्यायात लोकसंग्रह या शब्दाने दिले आहे. ज्यास मिळवावयाचे काही उरले नाही असा परमात्माही कर्म करीत राहतो, तो लोकांसाठी. आधुनिक मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनीही माणसाचा आतून येणारा उत्साह तीन गोष्टींवर पोसतो असे प्रतिपादिले आहे : थोडीतरी स्वाधीनता, कौशल्य वाढत असल्याचा अनुभव, आणि इतरांशी आपलेपणा. त्यातील आपलेपणा लोकसंग्रहाच्या जवळचा आहे.

पंथीयांसाठी याचे उत्तम उदाहरण म्हाइंभटांचे आहे. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर त्यांनी नागदेवाचार्यांना व इतर साक्षीदारांना विचारून, प्रत्यक्ष पाहिलेल्या-ऐकलेल्या लीळा एकत्र केल्या. एकेक लीळा विचारून, पारखून, लिहून ठेवण्याचे ते काम अतिशय चिकाटीचे होते. त्या श्रमाचे फळ सातशे वर्षांनंतरचा वाचक आज घेतो आहे. शेडनेटमधील स्त्रीचे बी अनोळखी शेतात उगवते, भट्टीवरील कामगाराची सळई अनोळखी घराच्या छपरात राहते, तसेच हे. आपले काम कोणाच्या उपयोगी पडते हे ज्यास दिसते, त्याचे हात लवकर गळत नाहीत. म्हणून मुकादमाने आणि मालकाने हे कामगारास दाखवून द्यावे, चांगल्या कामास चांगले म्हणावे.

मात्र येथे एक मर्यादा सांभाळावी लागते. पंथाच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न आहेत. नोकरी, व्यवसाय, शेती हे सर्व प्रपंचातील. प्रपंच नीट करावा, पण त्याच्याकडून परमेश्वराकडे मागावयाचे मागू नये. जो आपले सर्व मोल नोकरीच्या पदावर तोलतो, त्याने नोकरीस दैवत केले. ते दैवत निवृत्तीच्या दिवशी त्याला सोडून जाते.

आश्रमांचे कर्तव्य

महंत, तपस्वी आणि तपस्विनी यांच्यापुढे थकलेला वासनिक येतो तेव्हा त्याची अवस्था अर्जुनासारखी समजून आधी पूर्ण ऐकून घ्यावी. स्मरण कर म्हणजे सारे ठीक होईल, एवढेच सांगून त्यास वाटेस लावू नये. झोप किती, पाळी किती तासांची, कर्ज किती, घरी बोलावयास कोण आहे, हेही विचारावे. ज्यास जगणे नकोसे झाले आहे, त्यास एकटे न सोडता वैद्याकडे न्यावे. शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आश्रमाच्या भिंतीवर लिहून ठेवण्यास हरकत नाही. औषध आणि स्मरण यांत विरोध नाही.

तात्पर्य

कर्म आपल्या हातचे, म्हणून ते मन लावून करावे. फळ पाच कारणांचे, म्हणून त्याचे ओझे एकट्याने वाहू नये. मजुरी हे ऋण, म्हणून ती देणाऱ्याने वेळेवर द्यावी आणि घेणाऱ्याने संकोच न धरता मागावी. देह आणि मन यांना प्रमाण सांभाळावे. आणि जे काम करावयाचे ते कोणाच्या उपयोगी पडते, हे रोज एकदा तरी आठवावे. एवढे ज्याने धरले, त्याचे भट्टीवरील, शेतातील वा कार्यालयातील काम स्मरणाच्या आड येणार नाही.