दोर तोच, वजन तेच. मग ताण का वाढतो?

चंद्रपूर जिल्ह्यातील उघड्या कोळसा खाणींत भलेमोठे डंपर चालतात. दुरुस्तीसाठी त्यांचे इंजिन क्रेनने उचलून बाहेर काढावे लागते. इंजिनाच्या दोन टोकांना पोलादी तारांचे दोन दोर बांधायचे आणि वरची टोके क्रेनच्या आकड्यात अडकवायची, ही नेहमीची रीत. या दोरांना स्लिंग म्हणतात.

समजा, इंजिनाचे वजन २ टन आहे. प्रत्येक दोरावर ताण किती? ‘१ टन’ असे तुम्ही चटकन म्हणाल. पण दोन्ही दोर अगदी उभे असतील तरच हे उत्तर बरोबर. दोर तिरपे झाले की ताणाचे दोन घटक पडतात. उभा घटक वजन तोलतो. आडवे घटक मात्र एकमेकांविरुद्ध ओढत राहतात. वजन उचलण्यास त्यांचा काहीच उपयोग होत नाही. म्हणून,

वजन = २ × ताण × कोज्या (दोरांमधील कोनाचा अर्धा भाग)

या सूत्राने प्रत्येक दोरावरील ताण काढू :

कोन ६०° : १.१५ टन
कोन ९०° : १.४१ टन
कोन १२०° : २ टन
कोन १५०° : ३.८६ टन

म्हणजे १२० अंशांवर एकेका दोरावर सबंध इंजिनाइतका ताण येतो! दोन तानकाट्यांना मिळून अर्ध्या किलोचे वजन टांगा आणि काटे हळूहळू दूर न्या. दोन्ही काट्यांवरील आकडे वाढत जाताना दिसतील.

आता धोका कोठे आहे ते पाहा. दोर आखूड घेतला की कोन मोठा होतो. ‘काल एवढ्याच जाडीच्या दोराने हेच इंजिन उचलले होते’ असे म्हणून आखूड दोर लावला, तर तो तुटून माणूस दगावू शकतो. यासाठीच काही नियम पाळतात. दोर पुरेसा लांब घ्यावा. कोन शक्यतो ९० अंशांच्या आत ठेवावा. १२० अंशांपुढे कधीच नेऊ नये. आकडा गुरुत्वमध्याच्या बरोबर वर असावा, नाहीतर उचलताच ओझे कलते. ओझे प्रथम वीतभर उचलून थांबावे, दोर व गाठी तपासाव्यात. आणि टांगलेल्या ओझ्याखाली कोणीही, क्षणभरही, उभे राहू नये.

जाता जाता एक उदाहरण सोडवा. इंजिन २ टनांचे आहे आणि प्रत्येक दोरावर १.५ टन या सुरक्षित भाराची खूण आहे. दोरांमधील कोन जास्तीत जास्त किती चालेल? (उत्तर : सुमारे ९६ अंश.)