चाईवरील औषध बदलताना आलेले केस कसे टिकवावेत?

डोक्यावर रुपयाएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडला की आपल्याकडे "किड्याने केस खाल्ले" असे म्हणतात आणि त्यावर लसूण चोळतात. या विकाराला मराठीत चाई, आयुर्वेदात इंद्रलुप्त आणि डॉक्टरी भाषेत ॲलोपेशिया एरिएटा म्हणतात. यात किडा नाही, संसर्ग नाही आणि कोणाचे पापही नाही. शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करतात. मूळ मात्र मरत नाही, म्हणून केस पुन्हा येऊ शकतात. पण हल्ला करण्याची ती प्रवृत्ती शरीरात राहतेच, म्हणून आलेले केस पुन्हा जाऊही शकतात.

चट्टे थोडे असतील तर स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने बहुधा भागते; काहींचे केस आपोआपही येतात. रोग तीव्र असेल तर आता 'जॅक' गटातील गोळ्या देतात. २०१४ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी टोफॅसिटिनिब देऊन एका तरुणाचे गेलेले सर्व केस परत आणल्याचे प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकेत बॅरिसिटिनिबला २०२२ मध्ये प्रौढांसाठी, तर रिटलेसिटिनिबला २०२३ मध्ये १२ वर्षांपासून पुढच्या रुग्णांसाठी मान्यता मिळाली. बॅरिसिटिनिबच्या दोन चाचण्यांत मिळून १,२०० रुग्ण होते. ४ मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांचे डोके ३६ आठवड्यांत ८० टक्के वा अधिक केसांनी भरले.

आमच्या परिचयातील एका महाविद्यालयीन मुलीचे केस अशाच गोळ्यांनी आले. ओढणी न घेता ती वर्गात बसू लागली. पुढे डॉक्टरांनी औषध बदलायचे ठरविले. परंतु नवी गोळी महाग, परीक्षाही जवळ, शिवाय "केस तर आलेच आहेत" म्हणून घरच्यांनी तीन महिने काहीच दिले नाही. चट्टे परतले आणि मुलीने परीक्षेला जायचे नाकारले. दोष नव्या औषधाचा नव्हता. ते पोटात गेलेच नव्हते. चाचणीतही ज्यांचे औषध थांबविले त्यांच्यापैकी बहुतेकांचे केस पुढे पुन्हा गळले. केस आले म्हणजे रोग गेला असे नव्हे, हाच या लेखाचा मुख्य धडा होय.

म्हणून औषध बदलताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) जुनी गोळी कोणत्या दिवशी बंद व नवी कोणत्या दिवशी सुरू, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. या गटातील दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. तसेच विनाकारण खंडही पडू देऊ नये.

२) पोटातून स्टिरॉइड चालू असेल तर ते एकदम तोडू नये. मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

३) नव्या औषधाचा खर्च किती महिने झेपेल, हे बदलण्यापूर्वीच डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावे. त्यात लाज कसली?

४) क्षयरोग, कावीळ ब व क, रक्तपेशी, यकृत आणि चरबी यांच्या तपासण्या टाळू नयेत. या गोळ्यांनी दबलेला क्षय उफाळू शकतो. रक्ताच्या गुठळ्या व हृदयविकार यांचाही इशारा दिलेला आहे. ताप, छातीत दुखणे किंवा पाय सुजणे दिसताच डॉक्टरांना गाठावे. गर्भधारणेचा विचार असल्यास आधी सांगावे.

५) दरमहा एकाच उजेडात डोक्याचे चारही बाजूंनी फोटो काढावेत. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून दोन-चार आठवड्यांत निराश होऊन औषध सोडू नये. नवा चट्टा दिसल्यास मात्र लगेच दाखवावे.

एवढे करूनही काहींचे केस जातात. तो रुग्णाचा अपराध नव्हे. अशा मुलाला वा मुलीला टोपी, ओढणी किंवा टोप वापरायचा असेल तर वापरू द्यावा, नसेल तर तसेच वर्गात बसू द्यावे. गोळी डॉक्टर देतील. टक लावून न पाहणे मात्र आपल्या सर्वांच्या हाती आहे.