भरवसा की परीक्षा?



आजचं वाचन : स्तोत्र ९१, मत्तय ४:५-७

कोविडच्या दिवसांत ९१ वं स्तोत्र सगळ्यांच्याच व्हॉट्सॲपवर फिरत होतं. कुणी स्टेटसला ठेवलं, कुणी दारावर चिकटवलं. मीही रोज रात्री म्हणायचो आणि खरंच धीर यायचा.

पण हेच स्तोत्र आणखी एकाला पाठ होतं. मत्तयाचा चौथा अध्याय उघडा. सैतान प्रभू येशूला मंदिराच्या टोकावर नेतो, खाली उडी टाक म्हणतो आणि वर देवदूत तुला झेलतील असं वचनही ऐकवतो. ते वचन स्तोत्र ९१ मधलंच आहे, ११ आणि १२. येशू ते खोटं आहे असं म्हणत नाही. अनुवाद ६:१६ चा आधार घेऊन तो एवढंच सांगतो, की देवाची परीक्षा पाहायची नसते.

मला हे २०२१ च्या मार्चमध्ये कळायला हवं होतं. आमच्या मंडळीतल्या एका काकांकडे शुक्रवारी घरगुती प्रार्थना असायची. चार-पाच जणच जमायचो. त्या दिवशी माझा घसा खवखवत होता, अंगात कणकण होती. पण गिटार मी वाजवतो, मी नाही गेलो तर गाणी कोण घेणार? शिवाय देवाच्या कामाला चाललोय, तो बघून घेईल. गेलो, मास्क हनुवटीवर ओढून तासभर गायलो. घशाचं कुणाला बोललो नाही. रविवारी माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, बुधवारी काकांचा. वय ६८. अकरा दिवस ऑक्सिजनवर होते.

माझ्याकडूनच लागण झाली का, हे कधीच सिद्ध होणार नाही. मन मात्र पुरावा मागत बसत नाही. आमच्या फील्डमध्ये टेस्टिंग न करता थेट लाइव्ह सिस्टीमवर कोड टाकणाऱ्याला आम्ही शिव्या घालतो. मी त्या शुक्रवारी तेच केलं होतं, फक्त सिस्टीम दुसऱ्याची होती.

क्वारंटाइनमध्ये मार्टिन ल्यूथरचं एक पत्र हाती लागलं. १५२७ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये प्लेग आला. विद्यापीठ येना शहरात हललं. सॅक्सनीच्या शासकाने ल्यूथरलाही निघायला सांगितलं. तो निघाला नाही. पत्नी काथरीना गरोदर होती, तरी घरात आजारी माणसं ठेवून घेतली. ब्रेस्लाऊ शहरातल्या योहान हेस या पाळकाने त्याला विचारलं होतं, की ख्रिस्ती माणसाने साथीपासून पळावं का? हे पत्र त्याचं उत्तर.

मला वाटलं होतं, राहिलेला माणूस पळणाऱ्यांना झोडपणार. तसं नाही. ज्याच्यावर कुणी अवलंबून नाही त्याने खुशाल जावं, म्हणतो. पाळक, शहराचे अधिकारी, आईवडील, नोकर-मालक यांनी मात्र एकमेकांना वाऱ्यावर सोडू नये. स्वतःबद्दल लिहितो : मी धुरी देईन, औषध घेईन, जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही, म्हणजे माझ्यामुळे कुणाला लागण व्हायची नाही. पण शेजाऱ्याला माझी गरज पडली, तर मागे हटणार नाही. प्लेगचा जंतू सापडला १८९४ मध्ये, आणि हा माणूस त्याआधी साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ हे लिहितोय! औषध नाकारून मिरवणाऱ्याला तो श्रद्धावान म्हणत नाही, देवाची परीक्षा पाहणारा म्हणतो. आजार लपवून लोकांत मिसळणाऱ्यांबद्दल तर फार कडक लिहिलंय. तिथे मी पत्र बंद केलं, दोन दिवस उघडलं नाही.

ल्यूथर आजाऱ्याजवळ गेला आणि मीही काकांकडे गेलो, धोका दोन्हीकडे होता. पण त्याने तो स्वतःच्या अंगावर घेतला होता. मी काकांच्या अंगावर टाकला, आणि नाव दिलं विश्वास.

काका घरी आल्यावर मी व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. वाटलं, म्हणतील, जाऊ दे रे, देवाची इच्छा. ते म्हणाले, "दारात उभं राहून सांगायचंस. मी कदाचित तरीही आत घेतलं असतं तुला. पण ते मी ठरवलं असतं ना?"

प्रार्थना : प्रभू, काका आज जिने चढताना धापा टाकतात, तरी शुक्रवारी गाणं तेच सुरू करतात, यासाठी तुझे आभार. या आठवड्यात मला पुन्हा खोकला आहे. ग्रुपवर तसा मेसेज टाकायचं धैर्य दे. आमेन.