रोझेशियावर लागू पडणारं मलम आहे का?

प्रश्न : माझं वय ४४. गेली काही वर्षं गाल आणि नाक लालसर असतात, मधूनच चेहरा तापल्यासारखा होऊन आग होते आणि बारीक पुळ्या येतात. मेडिकलमधून आणलेलं एक मलम लावलं की आठवड्यात चेहरा नितळ होतो. ते थांबवलं की त्रास दुपटीने उसळतो. आता त्वचारोगतज्ज्ञांनी 'रोझेशिया' असं निदान केलं आहे. यावर खरोखर लागू पडणारं मलम आहे का? आणि चहा कायमचा सोडावा लागेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आहे. एक नाही, निदान तीन चांगली मलमं आहेत आणि तिन्ही आपल्याकडे मिळतात. पण त्याआधी तुमच्या घरात सध्या जी ट्यूब आहे तिच्याबद्दल बोलू.

ती उजेडात धरा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. वांगासाठी किंवा 'गोरं होण्यासाठी' म्हणून हातोहात खपणाऱ्या मिश्र मलमांत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनच्या जोडीला बहुतेक वेळा मोमेटासोन असतंच. तुम्ही सांगितलेली लक्षणं, म्हणजे आठवड्यात नितळ चेहरा आणि थांबवताच दुप्पट उसळी, ही स्टिरॉइडचीच चाल आहे. स्टिरॉइड त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं, त्यामुळे लाली झटकन जाते. तेच महिनोन् महिने लावत राहिलं की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या वरून दिसू लागतात आणि मलम बंद करताच त्या एकदम फुलतात. आधी रोझेशिया नसलेल्या चेहऱ्यावरसुद्धा या मलमांनी हुबेहूब तसाच आजार तयार होतो.

हा प्रकार किती पसरला आहे याची आकडेवारी आहे. देशातल्या १२ त्वचारोग केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले ४३३ जण, म्हणजे जवळजवळ सात जणांमागे एक, चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने हा विषय लावून धरला आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरीही ती काउंटरवरून सहज मिळतात, याचा मला मनापासून राग येतो. यात चूक तुमची नाही. मात्र बराच काळ लावलेलं स्टिरॉइड स्वतःच्या मनाने एका दिवसात तोडू नका. काहींना ते हळूहळू उतरवावं लागतं, काहींना मधल्या काळात दुसरं औषध द्यावं लागतं. पहिले काही आठवडे चेहरा जास्तच लाल होईल. बहुतेक जण नेमके इथेच घाबरतात आणि पुन्हा जुन्या ट्यूबकडे वळतात. तेवढे आठवडे डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढलेत तर निम्मी लढाई जिंकलात.

आता आजाराविषयी थोडं. रोझेशियात चेहऱ्याच्या मधल्या भागातल्या, म्हणजे गाल, नाक, हनुवटी आणि कपाळ इथल्या रक्तवाहिन्या जराशा कारणाने फुलतात आणि त्वचेची संरक्षणयंत्रणा अतिरेक करते. कॅथेलिसिडिन नावाचं प्रथिन या त्वचेत जास्त आणि वेगळ्या रूपात सापडतं, हे २००७ साली सॅन दिएगोच्या संशोधकांनी दाखवलं. डेमोडेक्स हा केसांच्या मुळाशी राहणारा सूक्ष्म परजीवी आपल्या बहुतेकांच्या चेहऱ्यावर असतो. रोझेशियात त्याची संख्या वाढलेली आढळते. हा गोऱ्या कातडीचाच आजार, अशी समजूत डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं होती. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगात लाली लपते आणि रुग्ण 'मुरुमं' म्हणून वर्षानुवर्षं उपचार घेत राहतो. मुरुमांत काळ्या-पांढऱ्या टोकाचे बारीक कण (ब्लॅकहेड, व्हाइटहेड) असतात, रोझेशियात नसतात. त्यातून, चेहरा लाल दिसण्यापेक्षा गरम वाटणं आणि साध्या साबणानेही चुरचुरणं ही आपल्याकडच्या रुग्णांची मुख्य तक्रार असते.

मलमांकडे येऊ. मेट्रोनिडाझोल सगळ्यांत जुनं आहे. त्याच्या जेलला अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली. ते सौम्य आहे, स्वस्त आहे, आणि काम करतं, पण धीम्या गतीने. अझेलेइक अ‍ॅसिड गहू, बार्लीसारख्या धान्यांतही आढळतं. ते पुळ्या कमी करतंच, शिवाय मागे राहणारे काळपट डागही फिकट करतं. आपल्या त्वचेत हे डाग लालीपेक्षा जास्त छळतात, म्हणून मला हे औषध फार मोलाचं वाटतं. गरोदरपणातही डॉक्टर बहुधा हेच निवडतात. सुरुवातीला काही मिनिटं खाज सुटते, चुरचुरतं. एक दिवसाआड लावून सवय केली की ते सहन होतं.

तिसरं आयव्हरमेक्टिन, १ टक्क्याचं क्रीम. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी मातीच्या नमुन्यातून वेगळ्या केलेल्या जिवाणूपासून या औषधाचा जन्म झाला आणि परजीवींवरच्या त्या कामासाठी त्यांना व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. हे डेमोडेक्स मारतं आणि दाहही कमी करतं. ९६२ रुग्णांवर १६ आठवडे चाललेल्या एका चाचणीत पुळ्या आयव्हरमेक्टिनने सरासरी ८३ टक्के कमी झाल्या, मेट्रोनिडाझोलने ७३.७ टक्के. पुळ्या जास्त असतील तर आधी आयव्हरमेक्टिन, डाग जास्त असतील तर अझेलेइक अ‍ॅसिड, असं माझं मत. दोन्ही मिळून लावायची वेळ आली तर ते डॉक्टरांना ठरवू द्या.

नुसती लाली घालवणारी ब्रिमोनिडिन आणि ऑक्सिमेटाझोलिन ही औषधंही आहेत. ती रक्तवाहिन्या काही तासांपुरत्या आवळतात. ब्रिमोनिडिनचा असर उतरला की काहींची लाली पूर्वीपेक्षा जास्त उसळते. स्टिरॉइडने आधीच होरपळलेल्या तुमच्यासारख्या चेहऱ्यावर ती नकोत, असं मी म्हणेन. कायमच्या उमटलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळीला मात्र कोणतंही मलम पुरं पडत नाही, तिथे लेझर लागतो.

लावण्याची रीत महत्त्वाची आहे. कोमट पाण्याने, सौम्य क्लेन्झरने चेहरा धुवा, न घासता टिपा आणि पूर्ण कोरडा होऊ द्या. ओल्या त्वचेवर औषध जास्त झोंबतं. मग वाटाण्याएवढं मलम बोटावर घेऊन कपाळ, दोन्ही गाल, नाक आणि हनुवटी असे पाच ठिपके द्या आणि हलक्या हाताने पसरवा. फक्त पुळीवर टेकवू नका, सगळ्या भागावर पातळ थर हवा. आधी मॉइश्चरायझर लावून मग औषध लावलं तरी चालतं. आठवड्यात फरक शोधू नका. खरा निकाल आठ ते बारा आठवड्यांनी कळतो, आणि चेहरा साफ झाल्यावरही काही काळ औषध चालू ठेवावं लागतं, कारण हा आजार काबूत राहतो, मुळासकट जात नाही.

चहा सोडू नका, निवू द्या. १९८१ साली जोनाथन विल्किन या अमेरिकी डॉक्टरांनी रोझेशियाच्या रुग्णांना गरम कॉफी, गार कॉफी, नुसतं गरम पाणी आणि नुसतं कॅफीन देऊन पाहिलं. ६० अंशांच्या कॉफीने चेहरा लाल झाला, तितक्याच गरम साध्या पाण्यानेही झाला. गार कॉफीने आणि कॅफीनने झाला नाही. दोष उष्णतेचा आहे. हाच न्याय भाकरी भाजताना चेहऱ्यावर येणाऱ्या धगीला आणि वाफ घेण्याला. स्वयंपाकघरात पंखा किंवा एक्झॉस्ट लावा. वाफारा, लिंबू, बेसन-हळदीने घासणं, पार्लरमधलं ब्लीच आणि फेशियल पूर्ण बंद. सोलापूरच्या उन्हात झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन रोज सकाळी लावा आणि दुपारी बाहेर पडताना छत्री घ्या. सनस्क्रीन नसेल तर वरचं कोणतंही औषध अर्धंच काम करेल.

डोळे चुरचुरतात का, खुपल्यासारखे होतात का, पापण्यांच्या कडा लाल असतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. रोझेशिया डोळ्यांतही उतरतो. तसं असेल तर या आठवड्यातच नेत्रतज्ज्ञांना दाखवा. आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे पुढच्या खेपेला जाताना आतापर्यंत चेहऱ्याला लावलेली प्रत्येक ट्यूब, रिकामी असली तरी, पिशवीत घालून सोबत न्या.