तिसऱ्यांदा नीट देण्याआधी

बारावीचा निकाल लागला की माझा फोन तापतो. फोन गोंदियाचा असो, आमगावचा असो की सालेकशाचा, प्रश्न तोच: "सर, नीट रिपीट करू की जेईईचा क्लास लावू?" विचारतात वडील, ज्याच्याबद्दल विचारायचं तो बाजूला गप्प. गणितात नव्वदच्या वर, जीवशास्त्राचं पुस्तक उघडवत नाही, तरी तिसरा प्रयत्न. याला मी सरळ हट्ट म्हणतो, तोही बापाचा.

डॉक्टरकी, इंजिनिअरिंग, एमपीएससी यांची माहिती चौकातल्या प्रत्येक फ्लेक्सवर आहे. गणित आवडणाऱ्या पोरांसाठी आज एक वेगळं काम सांगतो: नव्या धूमकेतूचा माग काढून त्याची कक्षा मांडणं.

२ मार्च २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत झेडटीएफ या आकाश-सर्वेक्षणाच्या फोटोंत एक अंधुक ठिपका सापडला. आधी तो लघुग्रह वाटला, मग त्याभोवतीचं धुरकट आवरण दिसलं. हाच सी/२०२२ ई३ धूमकेतू. १ फेब्रुवारी २०२३ला तो पृथ्वीपासून सुमारे सव्वाचार कोटी किलोमीटरवरून जाईल, हे गणिताने कितीतरी आधी सांगितलं होतं. हे सर्वेक्षण उभं करणारे श्रीनिवास कुलकर्णी मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचे.

काम चालतं कसं? आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने काढलेले फोटो पडद्यावर आलटून पालटून बघायचे. तारे जागेवर राहतात, एखादाच ठिपका सरकतो. आजूबाजूच्या ताऱ्यांवरून त्याची जागा अंश, कला, विकलांत मोजायची, वेळ सेकंदापर्यंत नोंदवायची. अशा तीन जागा हाती आल्या की पहिली कक्षा निघते. सेरेस हा लघुग्रह हरवला तेव्हा १८०१ साली गाउस या गणितज्ञाने तो गणितानेच परत शोधून दिला. पण दोन-चार रात्रींवर काढलेली कक्षा कच्चीच. नवी निरीक्षणं आली की पुन्हा गणित, त्यात गुरूची ओढ, शिवाय बर्फाची वाफ उसळून धूमकेतूला बसणारे धक्के. जुने फोटोही उपसायचे. १ जुलै २०२५ला चिलीतल्या दुर्बिणीने टिपलेला थ्री-आय अ‍ॅटलास हा धूमकेतू झेडटीएफच्या जूनमधल्या फोटोंतही निघाला, आणि तो सूर्यमालेबाहेरून आलाय याची खात्री झपाट्याने पटत गेली.

आमच्या भागातल्या पोरांना आकाश नवं नाही. गोंड म्हातारे सप्तर्षींतल्या चार ताऱ्यांना म्हातारीची खाट आणि मागच्या तिघांना चोर म्हणतात. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी २०१३ साली गोंडांच्या आकाशज्ञानावर शोधनिबंधच लिहिला. कचारगडच्या यात्रेला माघ पौर्णिमेला गर्दी लोटते, पण त्या रात्री चांदण्यात अंधुक धूमकेतू कुठला दिसायला! अमावस्येच्या आसपास दरेकशाकडे कुणाच्या तरी अंगणात थांबा, पोरांना वर बघू द्या. नोकरी मात्र वर बघण्याची नाही. दिवसरात्र संगणकासमोर, पायथॉन आणि त्रुटींचं गणित. ज्याला हे रटाळ वाटेल त्याने या वाटेला जाऊ नये.

"पण सर, पोट?" वेधशाळांत जागा मोजक्याच, हे खरं. पीएचडीत वर्षं जातात, हेही खरं. पण जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर सुरुवातीलाच दरमहा ३७,००० रुपये मिळतात. उलट रिपीटर बॅचचे पैसे तुम्ही भरता. शिवाय कक्षेचं हेच गणित उपग्रहांनाही लागतं, आणि बंगळुरूचं इस्रोचं इस्ट्रॅक केंद्र त्यावरच चालतं. आणि दुसरी नोकरी करूनही हे जमतं: व्यंकटेश बापूजी केतकर शाळेत शिकवून ग्रहगणित करत, आणि १९११ साली त्यांनी नेपच्यूनपलीकडच्या ग्रहांचं भाकीत फ्रान्समध्ये छापून आणलं.

वाट सांगतो. गोंदियाच्या धोटे बंधू सायन्स कॉलेजात बीएस्सी, मग जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन एमएस्सी. किंवा बारावीलाच आयसर या विज्ञानसंस्थांची आयएटी परीक्षा. तिथे अनुसूचित जमातींसाठी राखीव जागा असतात, पण आमच्या तालुक्यातून त्याबद्दल विचारणारा फोन मला क्वचितच येतो. या कामाची चव आजच घ्यायची तर शाळेतल्या तीन-चार पोरांचा गट करून आयएएससीच्या लघुग्रह-शोध मोहिमेत नाव घाला. पॅन-स्टार्स दुर्बिणीचे फोटो येतात, फी नाही, जुना लॅपटॉप चालतो. अकरावीच्या पोरांनी खगोल ऑलिम्पियाडची पहिली परीक्षाही द्यावी. ती साधारण नोव्हेंबरात असते. तिचा फॉर्म पोरालाच भरू द्या, वडिलांनी ओटीपी तेवढा सांगावा.