दुर्कसची सुई
(मंडळीच्या अभ्यासासाठी पाठ)

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये ९:३६-४३. सोबत वाचावे : प्रेषितांची कृत्ये ६:१-७, अनुवाद २४:१७-२२.

पाठाचा मुख्य विचार : रोजच्या हातच्या कामातून शेजाऱ्यावर केलेली दया गावाची स्थिती पालटते.



आमच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांत एक उद्गार वारंवार कानी पडतो. "मोठ्या गावी मिशनने शाळा काढल्या, दवाखाने काढले; आम्ही हातावर पोट असलेली माणसे, आमच्या हातून लोकांचे काय कल्याण होणार?" हा उद्गार नम्रतेचा दिसतो, परंतु त्याच्या आड पुष्कळदा आळस दडलेला असतो. दया म्हणजे पैशांचे काम, आणि पैसा आपल्यापाशी नाही, म्हणून दयाही आपल्याकडून कोणी मागू नये, असा हा हिशेब आहे. या हिशेबाला शास्त्रातील एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या चरित्राने उत्तर मिळते. तिचे चरित्र अवघ्या आठ ओव्यांचे आहे. या आठवड्यात आपण त्याचा अभ्यास करू.

१. प्रसंग

यापो हे भूमध्य समुद्राच्या काठचे जुने बंदर. आज ते इस्राएल देशातील तेल अवीव शहराला जोडलेले आहे. तेथे टबीथा नावाची एक शिष्या राहत असे. टबीथा हे नाव अरामी भाषेतील. ग्रीक भाषेत त्याचे रूप दुर्कस, आणि दोहोंचा अर्थ हरिणी. ती आजारी पडून मरण पावली. लोकांनी तिला स्नान घालून माडीवर ठेवले. यापोहून सुमारे अठरा किलोमीटरांवर लोद गावी पेत्र आला होता, त्याच्याकडे दोन माणसे धावली. पेत्र आला, तेव्हा विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि दुर्कसने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्यास दाखवू लागल्या. पुढे पेत्राने प्रार्थना केली आणि ती जिवंत झाली, हे आपणांस ठाऊक आहेच.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पहिली, मूळ ग्रीक भाषेत 'शिष्य' या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप साऱ्या नव्या करारात एकदाच आले आहे, आणि ते या शिवणाऱ्या बाईसाठी आले आहे. दुसरी, दुर्कसच्या तोंडचा एकही शब्द लूकाने नोंदलेला नाही. तिने भाषण केले, मंडळी स्थापिली, प्रवास केला, असे काही आपण वाचत नाही. तिच्याविषयी साक्ष दिली ती तिच्या हातच्या कापडांनी. आमच्या मंडळ्यांत ज्या भगिनींना चारचौघांत बोलण्याचा धीर होत नाही, त्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

२. वस्त्राची किंमत

आज बाजारात तयार कपडे मिळतात, म्हणून दुर्कसच्या कामाचे मोल चटकन कळत नाही. त्या काळी लोकर कातरावी, पिंजावी, हाताने सूत काढावे, हातमागावर विणावे आणि मग शिवावे, असा एका अंगरख्याचा प्रवास असे. गरिबापाशी बहुधा एकच पांघरूण असे. म्हणून मोशेच्या नियमशास्त्रात सक्त आज्ञा होती, की कोणी गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर ते सूर्यास्तापूर्वी परत करावे, कारण रात्री अंगावर घेण्यास त्यापाशी दुसरे काही नाही (निर्गम २२:२६, २७). आणि विधवेचे वस्त्र तर गहाण घेऊच नये, असे अनुवादात सांगितले आहे.

तेव्हा दुर्कसने दिलेले वस्त्र म्हणजे रात्रीच्या थंडीपासून रक्षण आणि चारचौघांत उभे राहण्यापुरती अब्रू. आपल्या गावी ती असती तर जुनी लुगडी-धोतरे जोडून तिने शेजारच्या म्हातारीसाठी वाकळ शिवली असती. वाकळेला नवे कापड लागत नाही, परंतु पुष्कळ दिवसांचे टाके लागतात. गरिबाच्या दानात पैसा थोडा आणि वेळ फार असतो, आणि असे दान देण्याचे सामर्थ्य आमच्यांतील सर्वांत गरीब घरातही असते.

नियमशास्त्राने शेतकऱ्यासही असेच सोपे दान सांगितले होते. कापणीच्या वेळी एखादी पेंढी शेतात विसरली तर परत आणावयास जाऊ नये. जैतुनाची झाडे आणि द्राक्षवेली दुसऱ्यांदा झोडू वा खुडू नयेत. उरलेले ते परका, पोरका व विधवा यांचे. आमच्याकडे यालाच सरवा वेचणे म्हणतात. मवाबी रूथ सरवा वेचीतच बवाजाच्या शेतात आली, आणि तिच्या वंशात दावीद जन्मला.

३. विधवांचे दुःख

दुर्कसने विधवांकडे लक्ष दिले, हे सहज घडलेले नाही. त्या काळी पती मेल्यावर स्त्रीचा आधार तुटत असे. आमच्या देशात त्या दुःखावर अपमानाची भर पडत आली. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगलकार्यात मागे ठेवणे, या रूढी पिढ्यान् पिढ्या चालत आल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड गावच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये या रूढी बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही त्याचे अनुकरण करण्यास परिपत्रकाने सुचविले. हा ठराव करावयास मोठा खजिना लागला नाही. गावकरी एकत्र बसले आणि शेजारणीच्या दुःखाचा त्यांनी विचार केला.

आता आमच्या मंडळ्यांनी आपल्या घराकडे पाहावे. आमच्यात बांगड्या फोडीत नसतील. परंतु लग्नाच्या मांडवात विधवा बहिणीस पुढे बसवितो काय? वधूला आशीर्वाद देण्यास तिला बोलावितो काय? की ती आपण होऊन मागे बसते, आणि ते आपल्या ध्यानातही येत नाही?

४. ज्यांच्यापर्यंत वाटप पोहोचत नाही

दुर्कसच्या कथेपूर्वी तीन अध्याय यरुशलेमच्या मंडळीतील एक गाऱ्हाणे नोंदलेले आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती. दया होती, वाटपही होते. परंतु वाटणाऱ्यांची दृष्टी आपल्या भाषेच्या माणसांवर आधी जात होती. प्रेषितांनी हे गाऱ्हाणे दाबून टाकले नाही. मंडळीस सात माणसे निवडावयास सांगितली, आणि निवडलेल्या सातांची नावे ग्रीक होती. ज्यांना वगळले गेले, त्यांच्याच बाजूच्या नावांच्या माणसांच्या हाती पंगत सोपविली.

उपदेशकांनी हा भाग सावकाश शिकवावा. आमच्या मंडळ्यांत जातीची जुनी ओळख पुरती मेलेली नाही. कोणाच्या घरची भाकरी कोण खातो, आजाऱ्याच्या दारी कोण जातो, मयताला कोण खांदा देतो, हे पाहिले म्हणजे आमच्या दयेची शीव कोठे आहे ते कळते. आपल्याच भावकीत फिरणारी दया चांगली आहे. परंतु तिला शास्त्राने घातलेली परीक्षा अजून व्हावयाची आहे.

पेत्राचेच पाहा. दुर्कसला उठविल्यावर तो यापोत पुष्कळ दिवस राहिला, तो शिमोन नावाच्या कातडे कमावणाऱ्याच्या घरी. मेलेल्या जनावरांच्या कातड्याचा धंदा यहूदी लोक अशुद्ध मानीत. ज्या घराच्या वाऱ्यासही पुष्कळ जण उभे राहिले नसते, तेथे प्रेषिताने बिछाना टाकला. त्याच घराच्या धाब्यावर त्यास परराष्ट्रीयांविषयीचा दृष्टांत झाला.

५. दयेला अट घालू नये

आणखी एक गोष्ट. पेत्राने जिवंत झालेल्या दुर्कसला लोकांपुढे उभे केले, तेव्हा लूक पवित्र जनांचा आणि विधवांचा वेगवेगळा उल्लेख करितो. सर्व विधवा मंडळीतल्याच होत्या, असे तो म्हणत नाही. दुर्कसने अंगरखा देताना कोणास काही कबूल करावयास लावले, असेही कोठे लिहिलेले नाही.

दुष्काळाच्या काळापासून आमच्या लोकांना 'पोटासाठी ख्रिस्ती झाले' असा टोमणा ऐकावा लागला आहे. त्यास वाद घालून उत्तर देता येणार नाही. आमची दया निरपेक्ष असली, तर टोमणा हळूहळू आपणच विरेल. कोणाच्या आजारात औषध आणून दिले आणि लगेच त्यास उपासनेस येण्याचा आग्रह केला, तर आपण औषधाची किंमत वसूल केली. ज्याने काहीच परत दिले नाही, त्याच्याही दारी दुसऱ्या दिवशी जावे.

६. आमच्या देशातील एक उदाहरण

दया ही केवळ आमची मिरास आहे, असेही कोणी समजू नये. सावित्रीबाई फुले ख्रिस्ती नव्हत्या. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे मिस फरार यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. १८६३ साली त्यांनी व जोतीराव फुले यांनी पुण्यात फसलेल्या गरोदर विधवांसाठी आपल्या घरी आसरा उघडला. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. हौद घरचाच, पाणी रोजचेच. परंतु त्या काळी ते करणे म्हणजे साऱ्या आळीचा रोष पत्करणे होते.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ पसरली. यशवंत तोपर्यंत डॉक्टर झाले होते, आणि हडपसर भागात त्यांनी रोग्यांसाठी दवाखाना चालविला. वयाची साठी ओलांडलेल्या सावित्रीबाई रोग्यांना तेथे आणीत असत. एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणिले, आणि त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. ज्या मुलाला कोणी विधवेची लाज म्हणून टाकून दिले असते, तोच मोठा होऊन साथीत रोग्यांच्या उशाशी बसला. एका घरात केलेली दया पुढे किती जणांपर्यंत पोहोचेल, ते करणाऱ्यास त्या दिवशी दिसत नाही.

७. आमच्या गावी काय करावे

(अ) लिहिता-वाचता येणाऱ्याने आपली लेखणी दुर्कसच्या सुईसारखी वापरावी. निराधार विधवेस संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, वृद्धास श्रावणबाळ योजना आहे; परंतु अर्ज, दाखले, तहसील कचेरीच्या खेपा यांनी म्हातारी माणसे थकून जातात. त्यांचा अर्ज भरून द्यावा, सोबत जावे, आणि यासाठी एक पैसाही घेऊ नये.

(आ) क्षयाच्या रोग्यास साधारणपणे सहा महिने औषध घ्यावे लागते. दोन महिन्यांत बरे वाटू लागले की पुष्कळ जण गोळ्या सोडतात, आणि रोग अधिक बळावून उलटतो. शेजाऱ्याने रोज एकदा दारावरून जाताना गोळी घेतली काय, एवढे विचारावे. रोग्याच्या घरचे पाणी पिण्यास कचरू नये.

(इ) बाळंतीण, आजारी किंवा मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. त्या घरी भाकरी पाठवावी, आणि ते घर कोणत्या आळीतले हे पाहू नये.

(ई) कर्जाने किंवा नापिकीने खचलेला शेतकरी घराबाहेर पडेनासा झाला, तर त्याच्या ओट्यावर जाऊन बसावे. उपदेश करण्याची घाई करू नये. त्याचे ऐकून घ्यावे, आणि त्यास एकटे सोडू नये.

(उ) ज्याच्याशी वाद आहे, त्याचेच एखादे काम प्रथम करावे. बांधाचा वाद कचेरीत चालू असला, तरी त्याचे सुटलेले जनावर बांधून ठेवता येते (निर्गम २३:४).

ही कामे लहान आहेत, म्हणून ती उद्यावर टाकणे सोपे असते. दुर्कस आजारी पडेपर्यंत शिवीत राहिली, आणि तिच्यामागे विधवांच्या हाती दाखवावयास काही उरले. आमच्यामागे आमचे शेजारी काय दाखवितील, हा या पाठाचा खरा प्रश्न आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत कोणाकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते? का?
२. दुर्कसच्या हाती सुई होती. तुमच्या हाती कोणते काम आहे?
३. आपल्या वस्तीबाहेरच्या कोणत्या घरी आपण गेल्या वर्षभरात सुखदुःखात गेलो नाही?
४. मदत देताना आपण नकळत कोणती अट घालतो?

उपदेशकांस सूचना : पाठ संपल्यावर प्रत्येक घराने एक शेजारी आणि एक काम मनात निश्चित करावे. नावे सभेत उच्चारू नयेत, म्हणजे कोणास ओशाळे वाटणार नाही. पुढील रविवारी कोणी काय केले ते विचारू नये. कोणत्या अडचणी आल्या तेवढे विचारावे, आणि त्या सर्वांनी मिळून सोडवाव्या.